क्रमांक वाचू नका, शेरा वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधील ग्रेहाउंड शर्यतींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मागच्या सहा धावांत ज्याचे क्रमांक वरचे, त्याच कुत्र्यावर पैसे लावावेत, असे त्यात म्हटले आहे. इतकी वर्षे रेसकार्ड (शर्यतीतल्या कुत्र्यांच्या मागच्या धावांची छापील माहिती) हातात धरल्यावर हे वाचून गप्प बसवेना.

मी 1981 ते 2004 पूर्व लंडनमधल्या एका रुग्णालयात परिचारिका होते. घरमालक निवृत्त बस कंडक्टर. शनिवारी रात्रपाळी नसली की ते मला वॉल्थमस्टोच्या स्टेडियमवर घेऊन जात. ते स्टेडियम 2008 मध्ये बंद झाले. पहिल्याच दिवशी मी आपल्या लेखकासारखीच 1, 1, 2 असे आकडे असलेली कुत्री शोधत बसले होते. घरमालकांनी कार्डावर बोट ठेवले आणि म्हणाले, "क्रमांक राहू दे बाजूला, शेवटचा शेरा वाच."

कार्डावर प्रत्येक धावेची एक ओळ असते. तारीख, अंतर, ट्रॅपचा (कुत्रा ज्या खोक्यातून सुटतो त्याचा) नंबर, सुरुवातीच्या टप्प्याची वेळ, प्रत्येक वळणावरचे स्थान, वजन, भाव (जिंकल्यास लावलेल्या पैशावर किती मिळणार), श्रेणी, आणि त्यात दोन-तीन तुटक अक्षरांचा शेरा: उशिरा सुटला, पहिल्या वळणावर कोंडला, धक्का बसला, शेवटी जोर धरला. पाचवा आलेला कुत्रा पहिल्या वळणावर अडवला गेला असेल आणि तरीही शेवटी पुढच्यांना गाठत असेल, तर तो पाचवा नंबर त्याचा नव्हेच. उलट, मोकळी वाट मिळाल्यामुळे जिंकलेल्याला पुढच्या वेळी तीच वाट मिळेल, याची खात्री कोण देणार?

सहा कुत्री, अर्ध्या मिनिटाची धाव, आणि बहुतेक निकाल पहिल्या वळणावर. म्हणून कागदावर ते वळण आधी डोळ्यांसमोर आणावे लागते. एक नंबरची लाल जॅकेट, दोनची निळी, तीनची पांढरी, चारची काळी, पाचची नारिंगी, सहाची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. कुणाला आतल्या कडेने धावायची सवय, कुणाला मधून, कुणाला बाहेरून. आतून धावणारा चार नंबरात पडला, तो सुटताच आत घुसणार, आणि तीन नंबरचा जर हळू सुटणारा असेल तर त्या तीन नंबरच्याची वाट तिथेच बंद. अशा वेळी एक नंबरातून झटकन सुटणाऱ्या साधारण कुत्र्याचेही नशीब उघडते. सुरुवातीच्या टप्प्याची वेळ मी याचसाठी सर्वांत आधी पाहत असे.

वेळांबाबतही लेखात गफलत आहे; घड्याळातल्या वेळा तिथे जशाच्या तशा धरल्या आहेत. ट्रॅक रोज सारखा नसतो; पावसाने जड होतो. त्याची दुरुस्ती 'गोइंग' या रकान्यात शतांश सेकंदांत छापतात. उणे 20 म्हणजे ट्रॅक 0.20 सेकंदाने मंद. त्या दिवशी 29.60 सेकंदांत धावलेल्याची खरी वेळ 29.40. अधिक 10 च्या वेगवान ट्रॅकवर 29.45 धावलेल्याची मात्र 29.55. नुसत्या घड्याळाकडे पाहणारा नेमका हळू कुत्रा निवडतो. हरलेल्याची वेळ काढताना तो कुत्र्याच्या जितक्या लांबी मागे राहिला, त्यातल्या एका लांबीला 0.08 सेकंद धरतात.

श्रेणी आणि वजनाकडेही लक्ष हवे. सतत हरणारा कुत्रा खालच्या श्रेणीत उतरवला जातो, आणि पहिल्या वळणावरच्या अडचणींमुळे हरून उतरलेला असेल तर तिथे त्याला सोपे मैदान मिळते. मागच्या धावेपेक्षा वजनात एक किलोहून जास्त फरक पडला तर त्याला धावूच देत नाहीत. मादी माजावर येऊन गेल्याची तारीखही कार्डावर असते, आणि त्यानंतर तिला पूर्ण जोमात यायला काही महिने लागतात. माझ्यापुरते सांगायचे तर या एका तारखेने मला जितकी मदत केली तितकी दुसऱ्या कशानेच नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. 'धक्का बसला' हा शेरा दिसला की मी आनंदून जात असे, कारण आता भाव चांगला मिळणार. मी परिचारिका. त्या दोन अक्षरांमागे ताशी साठेक किलोमीटर वेगाने एकमेकांवर आदळलेली जनावरे आहेत, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. ट्रॅकवर पशुवैद्य असलाच पाहिजे, असा नियम इंग्लंडमध्ये 2010 साली झाला.

आता मुख्य मुद्दा. दोन वर्षे मी प्रत्येक पैज वहीत टिपली. दोन-दोन पौंडांच्या 340 पैजा, त्यातल्या 96 जिंकल्या. माझा अभ्यास वाया गेला नव्हता, शर्यत मला कळत होती. तरी शेवटी 66 पौंड गेले. कारण जे मी कार्डावर वाचत होते तेच बुकीही वाचत होता, आणि ते त्याच्या भावात आधीच उतरलेले असे. सहा कुत्र्यांवर एकाला दोन, तीन, चार, पाच, सहा आणि आठ असे भाव फळ्यावर लागले आहेत असे धरा; एकाला दोन म्हणजे एक पौंड लावून जिंकलात तर दोन पौंड नफा आणि लावलेला पौंडही परत. कोणीही जिंकले तरी 100 पौंड हातात यावेत म्हणून सहांवर पैसे वाटायचे, तर 33.33, 25, 20, 16.67, 14.29 आणि 11.11, म्हणजे सुमारे 120 पौंड मोजावे लागतात. वरचे वीस बुकीचे. चांगला कुत्रा ओळखणे वेगळे, आणि तो फळ्यावरच्या भावापेक्षा चांगला आहे हे ओळखणे वेगळे. मला पहिले जमले, दुसरे क्वचितच.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात एका खऱ्या शर्यतीचे पूर्ण कार्ड शेऱ्यांसकट द्या, आणि त्याखाली सहाही भावांची अशीच बेरीज करून दाखवा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका