पिसं झडतायत म्हणून कोंबड्या विकू नकोस

संगमेश्वर,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आमच्या वाडीत रेंज येते-जाते हे तुला ठाऊक आहे. "बुधवारी टेम्पोवाला येतोय, चारही देऊन टाकतो" एवढंच काय ते धड ऐकू आलं आणि फोन कट झाला. रात्री झोप लागेना. म्हणून सकाळी चहा झाल्याझाल्या लिहायला बसलो. पत्र बुधवारपर्यंत वाईला पोचायचं नाही, म्हणून मुलाकडून याचे फोटो काढून व्हॉट्सॲपवरही पाठवतोय. आधी हे वाच, मग काय ते ठरव.

तू जे सांगितलंस त्यावरून तुझ्या कोंबड्या आजारी नाहीत. आधी मान उघडी पडली, मग छाती आणि पाठ. तुरा फिका पडला, आक्रसला. तीन आठवडे अंडं नाही. पण दाणे टाकले की धावत येतात आणि डोळे स्वच्छ आहेत. अरे, हा पिसं झडायचा हंगाम आहे. दवाखान्यात याला मोल्टिंग म्हणतात. आमची आजी म्हणायची, सापाने कात टाकावी तशी कोंबडी पिसं टाकते. पावसाळा सरून दिवस आखडायला लागला की हे सुरू होतं. आपल्याकडे जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला जेमतेम अकरा. हा फरक कोंबडीला आपल्याआधी कळतो. तुझी पिल्लं गेल्या वर्षी वैशाखात निघालेली, म्हणजे आता दीड वर्षाची झाली. पहिली मोठी पिसगळ याच वयात येते.

आता मी रात्रभर का जागा होतो ते सांगतो. आमच्याकडे चांदणी होती, तुला आठवेल, काळ्यावर पांढरे ठिपके असलेली. गणपतीत बाकीच्या कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली, अंडी थांबली, पण ही दिवाळीपर्यंत अंडी घालत राहिली. मग एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर आत पिसांचा नुसता ढीग. मला वाटलं, मुंगूस शिरलं. बघतो तर चांदणी कोपऱ्यात उभी, शेपूट नाही, मान उघडी, अंगावर कुठे कुठे चार पिसं. पंधरा दिवस वाट पाहिली. शेजारीपाजारी म्हणाले, रोग आहे, बाकीच्यांना लागेल. मी ती विकली. त्याच आठवड्यात वाडीतली म्हातारी काकी आली, चांदणी दिसेना तेव्हा म्हणाली, "सगळ्यांत गुणाची तीच होती रे, तिलाच दिलीस?"

मग तिने दुसरी एक कोंबडी मांडीवर घेतली आणि तिचा पंख पंख्यासारखा उघडून दाखवला. पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसं असतात. त्यांच्या आतल्या बाजूला एक छोटं पीस असतं, तिथून पुढे लहान पिसं सुरू होतात. त्या छोट्या पिसापासून टोकाकडे, अशा क्रमाने मोठी पिसं गळतात. एक पीस पुरतं वाढायला साधारण सहा आठवडे लागतात. काही कोंबड्या लवकर सुरुवात करतात आणि एकेक पीस टाकत राहतात, चार-चार महिने त्यांचं चालूच. अंडी मात्र तेवढा सगळा वेळ बंद. आणि काही शेवटपर्यंत अंडी घालतात, मग दोन-तीन, कधी चार पिसं एकदम टाकतात, दोन-अडीच महिन्यांत नवी लेवून मोकळ्या होतात. दिसायला सगळ्यांत भयाण याच, आणि अंड्यालाही सगळ्यांत चांगल्या याच. हे नंतर मी डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. तू म्हणालास ना, ती तांबडी सगळ्यांत वाईट दिसते? म्हणून मी एवढा जीव टाकतोय.

अंडी का थांबतात तेही समजून घे, म्हणजे राग येणार नाही. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, शंभरात पंच्याऐंशीच्या वर. अंड्यातही पाच-सहा ग्रॅम प्रथिन जातं. एवढंसं जनावर, दोन्ही एकदम कुठून आणणार? म्हणून ती एक काम थांबवून दुसरं करते. मोठ्या पोल्ट्र्यांत खाद्य तोडून, उपाशी ठेवून कोंबड्यांना मुद्दाम पिसं गाळायला लावायची पद्धत होती. वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं. आपल्या परसात नेमकं उलट करायचं, या दिवसांत त्यांना नेहमीपेक्षा चांगलं खायला घालायचं.

तू नुसता मका आणि तांदळाची कणी घालतोस, ते पुरत नाही. त्यात प्रथिन आठ-नऊ टक्केच. आता अठरा-वीस टक्क्यांपर्यंत जायला हवं. आम्ही कण्यांत सोयाबीनची पेंड मिसळतो. शेंगदाण्याची पेंडही चालते, पण हुंगून, फोडून बघ. बुरशीचा जरा जरी वास आला तर टाकून दे, ते विष आहे. बाजारात सुका जवळा मिळाला तर आण, पण धुऊन, पुन्हा वाळवून घाल. खारवलेली मासळी अजिबात नको, मीठ कोंबडीला सोसत नाही. तुझ्या बांधाला वाळवीचं वारूळ असेल तर कुदळीने ढेकूळ काढून त्यांच्यासमोर आपट, मग बघ कशा तुटून पडतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य घालत असशील तर थोडे दिवस थांबव. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम जास्त असतं, आता त्याचं काम नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेव, जिला हवा ती खाईल.

आणि एक फार महत्त्वाचं. त्यांना उगाच पकडू नकोस. नवं पीस निघतं ते साळिंदराच्या काट्यासारखं, निळसर-करडं, मेणचट वेष्टनात गुंडाळलेलं. त्या नळीत रक्त असतं. पहिल्या वर्षी मी उवांची पावडर लावायला म्हणून एकीला घट्ट धरलं, तर पंखाचा एक कोंब मोडला आणि थेंब थेंब रक्त गळायला लागलं. कापसावर हळद घेऊन बराच वेळ दाबून धरली तेव्हा थांबलं. पण तेवढ्यात बाकीच्या लाल रंग बघून टोचायला आल्या. तिला दोन दिवस डालग्याखाली वेगळं ठेवावं लागलं. मांडीवर बसणारी कोंबडी या दिवसांत लांब लांब राहते, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, तिचं अंग दुखतं.

काही आठवड्यांनी त्या काट्यांची टोकं फुटतात, रंगाच्या ब्रशासारखी. कोंबडी चोचीने वेष्टन कुरतडते, खुराड्यात कोंड्यासारखा पांढरा भुगा पडतो. तो दिसला की समजायचं, काम पुढे सरकलंय.

उवांची शंका मात्र एकदा काढून टाक. रात्री, त्या दांडीवर झोपलेल्या असताना टॉर्च घेऊन जा. न पकडता, शेपटीखालची पिसं बोटाने हलकेच बाजूला कर. पिसाच्या बुंध्याला पांढरे लिखांचे गठ्ठे दिसले तर उवा आहेत. दांडीच्या फटीही बघ, तिथे बारीक लाल किडे दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. ते असतील तर फटीत चुना भर. चुलीची राख आणि कोरडी माती एका जुन्या घमेल्यात कालवून ठेवलीस तर अर्धं काम त्या स्वतःच करतात. एखादीची नुसती पाठच उघडी असेल आणि नवे काटे दिसत नसतील तर तो कोंबड्याचा प्रताप आहे, त्याला थोडे दिवस वेगळा कोंड. हिरवं-पांढरं पातळ हगत असेल, चोच उघडी टाकून श्वास घेत असेल, मान मुरगळत असेल तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठ, ती पिसगळ नव्हे. लस राहिली असेल तर तीही तिथेच विचारून, पिसं आल्यावर दे. आमच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं.

वाईच्या थंडीची मला जास्त काळजी आहे. आमच्याकडे दमट, उबदार असतं, तुमच्याकडे पहाटे कृष्णेवरून गार वारं येतं. खुराड्याला वाऱ्याच्या बाजूने खाली गोणपाट लाव, वरची जाळी मोकळी ठेव. खाली भाताचा कोंडा चांगला चार बोटं पसर. कुणी सांगेल रात्री बल्ब लाव म्हणजे अंडी सुरू होतील. आता नको. पिसं पुरती आली, तुरा पुन्हा लाल झाला, की मग बघू.

पैशाचं म्हणशील तर हिशेब मीही केलाय. दोन-अडीच महिने त्या नुसतं खातील, खरं आहे. पण नवी पिल्लं आणलीस तर ती अंड्यावर यायला पाच-सहा महिने, आणि त्यांनाही खायला घालावं लागणारच. पिसगळीनंतरची अंडी आधीपेक्षा आकाराने थोडी मोठी येतात, कवचही चांगलं असतं. संख्या थोडी कमी, एवढंच.

आज एक काम कर. दुपारी उन्हाला कोंबड्या आळस देतात ना, एका बाजूचा पंख आणि पाय मागे लांब ताणून, तेव्हा तांबडीच्या जवळ नुसता बसून राहा. पंख उघडला की टोकाकडची पिसं मोज. किती जुनी, किती नवी, मध्ये किती जागा रिकामी. दोन-तीन एकदम रिकाम्या दिसल्या तर मला लगेच फोन कर, मी चारनंतर वळणावर, रेंज असते तिथे, येऊन थांबतो. आणि टेम्पोवाल्याला आजच नको म्हणून कळव.

त्यातूनही ठेवणं जमणारच नसेल तर मला सांग. शनिवारी एसटीने येतो आणि चारही घेऊन जातो, दोन डालगी रिकामीच आहेत. वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. तिने ती पडलेली मोठी पिसं जपून ठेवलीत म्हणालास, ती टाकू देऊ नकोस.

तुझाच