सोप्यातील नाट्यवाचनासाठी वकीलबाईंचे जाहीर आभार

कोल्हापूर

आदरणीय वकीलबाई,
सा. न. वि. वि.

मंगळवार पेठेतील आपल्या घराच्या सोप्यात आमच्या हौशी गटाचे नाट्यवाचन पार पडल्यावर आम्ही आभार मानायला आलो, तेव्हा आपण चहाचे कप पुढे सरकवून विषय बदललात. समोरासमोर आभार स्वीकारायचे नाहीत हा आपला शिरस्ता असल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहिण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आपण नुसती जागा दिली असती तर दोन ओळींच्या चिठ्ठीने भागले असते. त्या निमित्ताने आपण जे समजावून सांगितलेत, ते मात्र या शहरात नाटक लिहिणाऱ्या, करणाऱ्या आणि पाहणाऱ्या सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडल्यापासून हौशी मंडळींची जागेसाठी किती धावपळ होते, हे वेगळे सांगायला नको. आम्हांला एका सभागृहाने प्रथम होकार दिला होता. ‘लोकशाही आणि नाटककार’ हा विषय पत्रिकेत वाचल्यावर मात्र ‘उगाच गडबड नको’ असे फोनवर सांगून त्यांनी तारीख रद्द केली. विषयाचे नाव सौम्य करावे, परदेशी नाटककाराचा भाग गाळावा आणि दुसरीकडे अर्ज करावा, असे आमच्यातील काहींचे मत पडले. अशा वेळी आम्ही आपल्याकडे आलो, आणि आपण सांत्वनाचा एक शब्दही न बोलता विचारलेत, ‘बंदी कोणी घातली आहे?’

कोणीच घातली नव्हती. खाजगी सभागृहाच्या मालकाला आपले दार बंद ठेवण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर रागावण्यात वेळ दवडू नका, असे आपण बजावलेत आणि राज्यसंस्थेची जबाबदारी कोठून सुरू होते ते सांगितलेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(अ) ने दिलेले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि 19(2) मधील वाजवी निर्बंध यांची घोकंपट्टी आमच्यापैकी अनेकांनी परीक्षेपुरती केली होती. एका तमिळ चित्रपटावरून झालेल्या एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये काय म्हटले, हे मात्र आम्ही प्रथमच ऐकले. निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आली एवढ्यावरून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, कारण धमकी देणाऱ्यांना आवरणे हे सरकारचेच कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. ‘गडबड नको’ या दोन शब्दांना इतके नेमके उत्तर उपलब्ध असताना आपल्याकडील कितीतरी कार्यक्रम त्याच दोन शब्दांनी रद्द होतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्यानंतर आपण आम्हांला नाटकांवर बंदी घालू देणाऱ्या 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याकडे नेलेत, आणि माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे देणे तेच होते. इंग्रज सरकारने देशी वृत्तपत्रांचा कुप्रसिद्ध कायदा आणला तो 1878 मध्ये, म्हणजे नाटकांचा कायदा त्याच्या दोन वर्षे आधीचा, याकडे आपण लक्ष वेधलेत. बंगालमध्ये ‘नीलदर्पण’ने निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम रंगमंचावर मांडला होता आणि पुढे कलकत्त्याच्या नाटकवाल्यांनी इंग्रज राजपुत्राच्या भेटीवरून प्रहसन केले, तेव्हा सरकारचा संयम सुटला. वर्तमानपत्र माणूस एकटा वाचतो, किंवा फार तर पारावर चारचौघांना वाचून दाखवतो. नाटकात मात्र शेकडो माणसे एका वाक्याला एकदम हसतात, आणि शेजारचाही हसला हे प्रत्येकाला कळते. त्या कायद्याला हे एकमेकांना कळणेच नको होते, असे आपण म्हणालात.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आम्ही निवडले होते ते त्याच्या भाषेसाठी, पण आपल्या सांगण्यानंतर ते वाचताना आवाजच बदलले. 1907 मध्ये रंगमंचावर आलेल्या त्या नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव एकदाही येत नाही. कथा महाभारतातली, पात्रे विराटाच्या दरबारातली, आणि तरीही कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातला देश, आणि धर्मराज व भीम यांच्या वादात मवाळ आणि जहाल हे दोन राजकीय पक्ष बोलत आहेत, हे पिटातल्या प्रेक्षकालाही उमगत होते. सरकारला बंदी घालायला 1910 साल उजाडले. तोवर पुष्कळ प्रयोग होऊन गेले होते, आणि न उच्चारलेल्या नावावर बंदी घालण्याची पाळी सत्तेवर आली.

हाच कायदा स्वातंत्र्यानंतरही कपाटात शाबूत होता, हे ऐकून गटातील तरुण मंडळी चमकली. 1953 मध्ये लखनौत इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या नाट्यसंस्थेच्या कलावंतांनी प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेचा प्रयोग केला म्हणून त्यांच्यावर याच कायद्याखाली खटला झाला, आणि 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो कायदा घटनेशी विसंगत ठरवला. कायद्याच्या पुस्तकातून तो निघाला मात्र अगदी अलीकडे, 2018 मध्ये. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाकडे पाठवण्याची पद्धत वेगळी आहे, आणि तिला अमोल पालेकरांनी 2016 मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले होते, हेही आपण जाता जाता सांगितलेत.

परदेशी भाग गाळू नका असा आग्रह आपण धरलात, त्याबद्दल विशेष आभार मानले पाहिजेत. चेकोस्लोव्हाकियाचे नाटककार वाक्लाव हावेल यांची 1975 मधील ‘ऑडियन्स’ ही एकांकिका आम्ही मराठीत वाचली. लेखनावर बंदी आलेला एक लेखक बियर बनवण्याच्या कारखान्यात पिंपे हलवण्याचे काम करतो आणि तेथील मुख्य कारागीर त्याला बियर पाजत पाजत शेवटी अशी गळ घालतो की, पोलिसांना तुझ्याविषयी दर आठवड्याला काय कळवावे हे मला सुचत नाही, तर तो अहवाल तूच लिहून दे. या जागी सोप्यातील सगळी मंडळी खळखळून हसली आणि लगेच गप्प झाली. तो कारागीर दुष्ट नाही, लेखकाची त्याला कीवही येते, आणि तरीही तो जे मागतो आहे ते भयंकर आहे. हावेल स्वतः ट्रुटनॉव्हच्या कारखान्यात असे काम करून आले होते. 1977 च्या चार्टर 77 या मानवी हक्कांच्या सनदेमागे ते उभे राहिले, 1979 पासून जवळजवळ चार वर्षे तुरुंगात होते, आणि 1989 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष झाले.

ही गोष्ट सांगताना आपल्याकडे थोडे भारावून जाण्याची रीत आहे. नाटकाने सरकार पडते असे मला वाटत नाही, आणि आपल्यालाही वाटत नाही. प्रागमध्ये 1989 च्या नोव्हेंबरात नाट्यगृहांनी संप केला, प्रयोग थांबवले आणि त्याच रंगमंचावरून प्रेक्षकांशी चर्चा सुरू केल्या, तेव्हा ती गर्दी जमू शकली ती आधी वर्षानुवर्षे लोकांना तेथे येऊन बसायची सवय होती म्हणून. त्या देशात बंदी आलेल्या नटांनी लोकांच्या घरांतील दिवाणखान्यांतही प्रयोग केले होते, हे आपण सांगितलेत तेव्हा आपल्या सोप्यातील सतरंज्यांकडे पाहून कोणीतरी हसले.

आमच्या कार्यक्रमाबद्दल कुरकुर करणाऱ्या दोन तरुणांनाही बोलवा, पुढची जागा द्या आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या, हे आपले सांगणे आम्हांला आधी जड गेले होते. त्यांच्यापैकी एकाने विचारलेला प्रश्न सबंध संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रश्न ठरला. ‘कीचकवधात तर शेवटी मारण्याचेच समर्थन आहे, मग ते स्वातंत्र्य आणि आज दुसऱ्या कोणी तसे लिहिले तर तो गुन्हा, हे कसे?’ आपण त्याला टाळले नाहीत. रंगराजन निकालातच दारूगोळ्याच्या कोठारातील ठिणगीचा दाखला आहे; शब्द आणि धोका यांचा संबंध तितका थेट आणि निकटचा असला पाहिजे, दूरच्या तर्काने जोडलेला चालत नाही, असे आपण सांगितलेत. त्यावर, खाडिलकरांचे नाटक या कसोटीवर त्या काळी कोठे बसले असते याबद्दल वकिलांत दोन मते होतील, हेही प्रामाणिकपणे मान्य केलेत. तो तरुण पूर्ण पटून गेला असे नाही, पण शेवटपर्यंत बसला आणि संहितेची प्रत मागून घेऊन गेला.

या शहरात हा विषय पुस्तकी नाही, हे कोणाला सांगावे लागू नये. ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी येथेच गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी ते गेले. आपण त्या संध्याकाळी त्यांच्याविषयी मोजकेच बोललात. त्यानंतरही लोक रस्त्यावर एकत्र चालत राहिले, सभा घेत राहिले, एवढेच आपण म्हणालात, आणि तेवढे पुरेसे होते.

आता एक विनंती. पुढच्या वाचनासाठी आम्ही कराडचे 1975 चे साहित्य संमेलन घेत आहोत. आणीबाणी चालू असताना, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या व्यासपीठावरून, अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले, तो प्रसंग आम्ही वाचणार आहोत. त्याला जोडून ‘सखाराम बाइंडर’च्या न्यायालयीन लढ्यावर आपणच बोलावे, अशी सर्वांची इच्छा आहे. तेंडुलकरांचे लहानपण काही काळ कोल्हापुरात गेले, त्यामुळे नाही म्हणायला आपल्याला फारशी सबब नाही. कमलाकर सारंगांनी उच्च न्यायालयात जाऊन तो प्रयोग कसा सोडवून आणला, हे वकिलाच्या तोंडून ऐकण्यात वेगळी गोडी आहे. तारीख आपल्या सवडीने ठरवू. सतरंज्या आणि चहाचा खर्च या वेळी आमचा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपल्या नाट्यवाचन गटाच्या वतीने,
एक सभासद