सही न केलेली बारा माणसं

फोर्ली, इटली
८ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही जे विचारलंत, ते आठवडाभर डोक्यात आहे. "अगं, कायदा ज्यांनी जगाला शिकवला ते हे रोमन. एका माणसानं त्यांना वीस वर्षं मुठीत ठेवलं तरी कसं?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि विषय लोणच्यावर गेला. फोनवर हे सांगून झालंही नसतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तो माणूस म्हणजे हुकूमशहा मुसोलिनी. त्याचं जन्मगाव प्रेदाप्पिओ इथून वीस किलोमीटरसुद्धा नाही. त्यामुळे फोर्लीवर त्याचा हात फार फिरला. स्टेशनपासूनचा रुंद रस्ता त्याच्याच काळातला. त्याच्या विमानअपघातात गेलेल्या मुलाचं नाव तेव्हा दिलेल्या वैमानिकी शाळेची इमारतसुद्धा आहे. मी इथे विमानाचंच शिकते, म्हणून तिथली भिंतीवरची मोझेइक बघायला मुद्दाम गेले. सुंदर आहेत, आणि ती सुंदर आहेत याचाच मला त्रास झाला.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला भिंतींपेक्षा आमच्या घरमालकीणबाईंनी जास्त दिलं. इथे आजीला नोन्ना म्हणतात, मीही तेच म्हणते. जन्म १९३१ चा. रोज संध्याकाळी मला स्वयंपाकघरात बसवून जुनं काहीतरी सांगतात.

पहिली गोष्ट त्यांच्या आजोबांची. ते शेतमजूर. या रोमान्या भागात मजुरांनी सहकारी संस्था काढल्या होत्या. एकत्र ठेके घ्यायचे, जमीन कसायची, दुकान चालवायचं. सोसायटी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमची अर्धी हयात त्यात गेली. १९२० च्या अखेरीपासून या संस्थांवर मुसोलिनीच्या फॅसिस्टांच्या, काळे सदरे घातलेल्या टोळ्या येऊ लागल्या. पैसा जमीनदारांचा, आणि पोलीस बहुतेक वेळा पाठ फिरवून उभे. कचेरी जाळायची, वह्या रस्त्यावर फेकायच्या, मग चिटणिसाला पकडून एरंडेल पाजायचं. हो आप्पा, आई आम्हाला चमचाभर द्यायची तेच एरंडेल. तिथे बाटलीच्या बाटली घशात ओतायचे आणि माणसाला त्याच अवस्थेत गावातून चालत घरी पाठवायचे. नोन्ना म्हणाल्या, "आजोबांना मारलं असतं तर गाव त्यांच्या मागे उभं राहिलं असतं. त्यांना लाज आणली. त्यानंतर ते बैठकीला गेलेच नाहीत." जुलै १९२२ मध्ये शेजारच्या रावेन्नात सहकारी संस्थांच्या महासंघाची इमारत जाळली. टोळीचा म्होरक्या इतालो बाल्बो. हाच पुढे हवाई दलाचा मंत्री झाला.

एवढं होऊनही संसदेत फॅसिस्टांच्या जागा ५३५ पैकी फक्त ३५ होत्या. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळे सदरेवाले रोमकडे निघाले. पंतप्रधान फाक्तानं आणीबाणीचा हुकूम तयार ठेवला होता, सैन्य होतं. राजानं सही केली नाही. मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडीत झोपून रोमला आला आणि वयाच्या ३९ व्या वर्षी, रीतसर शपथ घेऊन, इतर पक्षांचे मंत्री सोबत घेऊन पंतप्रधान झाला. त्या मंत्र्यांना वाटलं, जबाबदारी अंगावर पडली की हा सुधारेल. आप्पा, मला हे वाचताना सगळ्यात जास्त राग या लोकांचा आला.

पुढचा घास कायद्यानं घेतला. १९२३ मध्ये नियम आला, की ज्याला सगळ्यात जास्त मतं आणि निदान २५ टक्के, त्याला दोन तृतीयांश जागा. जुने उदारमतवादी पुढारीसुद्धा हो म्हणाले. एप्रिल १९२४ ची निवडणूक मारहाणीत झाली. समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती ३० मे रोजी लोकसभेत उभा राहिला आणि गोंधळ चालू असताना एकेक गैरप्रकार सांगत गेला. १० जूनला त्याला रोममध्ये भर दिवसा गाडीत कोंबून नेलं. प्रेत सापडलं ऑगस्टमध्ये, शहराबाहेरच्या रानात. तेव्हा देश खरोखर हलला होता. विरोधी खासदार सभागृह सोडून बाहेर पडले आणि राजा काहीतरी करील याची वाट बघत बसले. राजानं काहीच केलं नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनी संसदेत उभा राहून म्हणाला की जे घडलं त्याची जबाबदारी माझी. कुणी त्याला हात लावला नाही. त्या दिवशी त्याला कळलं असणार की आता काहीही चालतं.

१९२६ संपेपर्यंत बाकी पक्ष बंद, विरोधी वर्तमानपत्रं बंद, संप हा गुन्हा. गावोगावचे निवडून आलेले नगराध्यक्ष गेले, त्यांच्या जागी वरून नेमलेला पोदेस्ता आला. खास न्यायालय बसलं आणि तडीपारी सुरू झाली. खटला नाही, वकील नाही, जिल्ह्याच्या समितीचा एक कागद आणि पाच वर्षांपर्यंत पोंझा, लिपारी, व्हेंतोतेने अशा एखाद्या बेटावर किंवा दक्षिणेतल्या खेड्यात. दहा हजारांहून जास्त माणसं अशी गेली. काही जण तर खाणावळीत मुसोलिनीवर विनोद केला म्हणून. तो विनोद कुणीतरी ऐकलेला असायचा. इमारतीचा दरवान, शेजारी, कधी सहकारी. निनावी पत्रं इतकी यायची की लोक आपल्याच घरात खाली आवाजात बोलायला शिकले.

आणि पोट. १९३३ पासून सरकारी नोकरीला पक्षाचं कार्ड लागू लागलं. लोक त्याला "भाकरीचं कार्ड" म्हणायचे. नोन्नांचे वडील रेल्वेत. त्यांनी कार्ड घेतलं. ज्या टोळीनं त्यांच्या वडिलांना एरंडेल पाजलं, त्याच पक्षाचं. नोन्ना हे सांगताना थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "आम्ही चार भावंडं होतो." मी काही बोलले नाही. तुम्हीही त्यांना दोष देणार नाही, मला माहीत आहे.

मतदानाचं एक उदाहरण सांगते. १९२९ मध्ये पक्षानं ठरवलेल्या चारशे नावांच्या एकाच यादीला हो किंवा नाही म्हणायचं होतं. "हो"ची चिठ्ठी तिरंगी, "नाही"ची पांढरी. कुणी काय टाकलं ते सहज कळायचं. तरी सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी "नाही" म्हटलं. १९३४ मध्ये तो आकडा सुमारे १५ हजारांवर आला. तेवढ्या पाच वर्षांत काय झालं असेल, त्याचा विचार करत मी एक संध्याकाळ घालवली.

आता शाळेचं सांगते, कारण तुम्ही पस्तीस वर्षं इतिहास शिकवलात. १९३० पासून प्राथमिक शाळांत सरकारचं एकच क्रमिक पुस्तक. सहा वर्षांपासून गणवेश, आठव्या वर्षी राजवटीच्या बालसंघटनांत भरती: मुलगे "बलिल्ला", मुली "छोट्या इटालियन". शनिवारी दुपारी कवायत. नोन्नांना कवायत आवडायची. पांढरा सदरा, काळा परकर, गाणी, सहल. "आम्हाला कुणी विचारच करू नका म्हटलं नाही," त्या म्हणाल्या, "आम्हाला वेळच दिला नाही."

१९३१ मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेच्या शपथेवर सही करायला सांगितलं. बाराशेच्या वर प्राध्यापक. नाही म्हणणारे जेमतेम बारा! बाकीचे सगळे भेकड होते असं मला वाटत नाही. प्रत्येकाला कारण मिळालं. पोपनं मनातल्या मनात अट ठेवून सही करायला मोकळीक दिली. क्रोचेसारखा विरोधक तत्त्वज्ञ म्हणाला, जागा सोडू नका, नाहीतर मुलं त्यांच्या हाती जातील. कम्युनिस्टांचा सल्लाही तोच. सगळी कारणं पटण्यासारखी आहेत, आणि सगळ्यांची बेरीज केली की देश गेलेला दिसतो. त्या बारांत गणितज्ञ व्होल्तेर्रा होते, आणि आमच्या बोलोन्या विद्यापीठाचे शल्यविशारद बार्तोलो निग्रिसोली होते. आणि मिलानचे पिएरो मार्तिनेत्ती. आप्पा, या मार्तिनेत्तींनी तरुणपणी सांख्य दर्शनावर प्रबंध लिहिला होता! तुमच्या कपाटातली ईश्वरकृष्णाची "सांख्यकारिका" आठवली आणि मला भरून आलं. त्यांनी नोकरी सोडली आणि गावाकडच्या घरी जाऊन वाचत, लिहीत राहिले.

१९३८ मध्ये सरकारनं आदरार्थी बोलण्यावरही हात टाकला. इथे अनोळखी माणसाला "लेई" म्हणतात, आपल्या "आपण"सारखं. ते परकं, बायकी ठरवून "व्होई" म्हणा असा हुकूम निघाला. त्याच वर्षी ज्यूंविरुद्धचे कायदे आले. नोन्ना दुसरीत गेल्या तेव्हा पहिलीतली एक मैत्रीण वर्गात आलीच नाही. बाईंनी हजेरी घेतली आणि तिच्या नावापाशी न थांबता पुढचं नाव वाचलं. "कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही." ८७ वर्षं झाली, नोन्नांना त्या हजेरीतलं तिच्या आधीचं आणि नंतरचं नाव अजून पाठ आहे.

गेल्या शनिवारी मी दुसऱ्या महायुद्धात इथे लढलेल्या भारतीय सैनिकांच्या दफनभूमीत जाऊन आले. दहन झालेल्यांच्या नावांचं स्मारकही तिथेच आहे. नावं वाचत बराच वेळ फिरले. इथून थोड्या अंतरावर सेनिओ नदी आहे. ९ एप्रिल १९४५ ला मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव तिथे जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून पाठीवर घेऊन आले, मग परत जाऊन त्यांनी मशीनगनची ठाणी गप्प केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते आपल्याच नगर जिल्ह्यातल्या निमजचे. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता.

हे मी नोन्नांना सांगितलं. युद्ध संपताना त्या चौदा वर्षांच्या होत्या, पगडीवाले आणि बिनपगडीचे हिंदी शिपाई त्यांनी रस्त्यावर पाहिलेत. त्यांना जाधवांचा चेहरा बघायचा आहे. निमजकडे कुणी ओळखीचं असेल तर चौकशी कराल का? गावात एखादा फोटो असेलच. मोबाइलवर पाठवला तरी चालेल, मी मोठा छापून घेईन. २५ एप्रिलला इथे मुक्तिदिन असतो. त्याआधी मिळाला तर फार बरं.

आईला सांगा, लोणचं पुरवून खाते आहे, नोन्नांनाही आवडलं. तुमची गुडघ्याची गोळी चुकवू नका.

तुमची,
माई