फिट्झगेराल्डच्या मागची बोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एडमंड फिट्झगेराल्ड’ ही मालवाहू बोट १० नोव्हेंबर १९७५ला बुडाली, त्याला ५० वर्षं झाली. त्यानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सुपीरिअर सरोवरातलं वादळ, २९ खलाशी, एकाचाही मृतदेह हाती न लागणं, सगळं नीट मांडलं होतं. पण त्या रात्री काही मैल मागून दुसरी एक मालवाहू बोट येत होती, ‘आर्थर एम. अँडरसन’. तिला लेखात जेमतेम दीड ओळ मिळाली. माझी तक्रार तेवढ्याचपुरती आहे.

फिट्झगेराल्डचे कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली शेवटचं बोलले ते या अँडरसनशी. ‘आम्ही तग धरून आहोत,’ अशा अर्थाचं ते वाक्य होतं, संध्याकाळी सातच्या सुमाराचं. थोड्याच वेळात रडारवरून बोट गेली. अँडरसन तोवर व्हाइटफिश उपसागराच्या आडोशाला पोहोचली होती. तटरक्षक दलाने विचारलं, मागे जाऊन शोध घ्याल का? आणि अँडरसनचे कप्तान कूपर यांनी बोट पुन्हा त्याच वादळात घातली. मी उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला आहे. भरलेली बोट सुखरूप आत आल्यावर पुन्हा तसल्या समुद्रात वळवणं म्हणजे काय, हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. (सरोवराला समुद्र म्हटलं, ते राहू द्या. ज्याने सुपीरिअर पाहिलंय तो हरकत घेणार नाही.)

आता मुख्य मुद्दा. ही अँडरसन मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तीही दोर बांधून उभी केलेली नव्हे, चालती. मुलगी मिनेसोटात असते, त्यामुळे माझे उन्हाळे तिकडे जातात आणि डुलुथ बंदर गाडीने अडीच तासांवर आहे. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी बोटीची बांधणी १९५२ची असल्याचं सांगितलं, तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारलं. खाऱ्या पाण्यात जहाज पंचविशीला आलं की सर्व्हेचा, म्हणजे सक्तीच्या तपासणीचा, खर्च मालकाला खुपायला लागतो, तिशीच्या आत भंगारवाल्याशी बोलणी सुरू होतात. इथे सत्तरीच्या घरातली बोट, तीही स्टीम टर्बाइनवर!

कारण साधं आहे. पाणी गोडं आहे, पत्रा मिठाने खाल्ला जात नाही. वर जानेवारी ते मार्च बर्फामुळे सगळा ताफा विश्रांतीला, दुरुस्तीला भरपूर वेळ. आणि अमेरिकेतल्या अमेरिकेत माल न्यायचा तर बोट अमेरिकेतच बांधलेली हवी, असा १९२०चा कायदा आहे. तिथे नवी बोट बांधणं इतकं महाग, की १९८३नंतर सुपीरिअर आणि शेजारच्या या मोठ्या सरोवरांवर अमेरिकी मालकाची नवी मोठी मालवाहू बोट उतरली ती थेट २०२२मध्ये. मग जुनीलाच कापून-जोडून चालवतात. अँडरसनला १९७५च्या हंगामाआधी मधोमध कापून १२० फुटांचा नवा तुकडा बसवला, त्यामुळे ती ६४७ची ७६७ फूट झाली. म्हणजे त्या रात्री ती फिट्झगेराल्डपेक्षाही लांब होती. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर माल उतरवायचा लांब पट्टा बसवला. होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या पोकळीच्या, तळाशी झडपा, त्यांखाली फिरता पट्टा, तिथून माल वर चढून थेट किनाऱ्यावर. क्रेन नको, गोदी कामगारांची रांग नको. हा पट्टा ज्यांना बसला त्या बोटी वाचल्या.

बसला नाही त्यांचं काय झालं, तेही डुलुथ आणि त्याला लागून असलेल्या सुपीरिअर गावातच दिसतं. ‘विल्यम ए. अर्विन’ १९३८ ते १९७८ चालली आणि आता म्युझियम आहे. १९६०ची ‘एडवर्ड एल. रायरसन’, माझ्या मते तिथली सगळ्यात देखणी, २००९पासून कामाविना पडली. दुसरीकडे ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ १९०६पासून २०१३पर्यंत स्वतःच्या इंजिनावर धावली, मग तिचं इंजिन काढून बार्ज (बिनइंजिनाची मालवाहू बोट) केलं, आता तिला टग ही छोटी ताकदवान बोट ढकलते. १९४२ची ‘अल्पीना’ मात्र लांबी घटवून सिमेंट वाहू लागली आणि चालू शतकातही वाफेवरच चालली.

म्युझियममधली बोट बघायला माझी ना नाही. पण थंड बॉयलरपाशी उभं राहून काही कळत नाही हो. डुलुथला सरोवरातून बंदरात शिरणाऱ्या कालव्याच्या काँक्रीटच्या धक्क्यावर उभं राहावं. कालवा सुमारे ३०० फूट रुंद, बोट ७० फूट. आधी क्षितिजावर नुसता ठिपका असतो आणि अर्धा तास तो हललासा वाटत नाही. मग एकदम बोट अंगावर येते. उचलपुलाची घंटा वाजते, गाड्या थांबतात आणि अख्खा पूल आडवाच्या आडवा वर जातो. बोटीने तीन लांब आणि दोन आखूड भोंगे दिले की पूल तसेच परत देतो. तो आवाज छातीत घुमतो, लहान मुलं कान झाकतात. मी मात्र टर्बाइनचा आवाज ऐकायला मान वाकडी करून उभा असतो. डिझेलचा धडधडाट नसतो. डेकवरचा एखादा खलाशी हात करतो, आपणही करतो, आणि दोन-तीन मिनिटांत ७६७ फूट निघून जातात. लोहखनिज न्यायला आलेली बोट बहुधा रिकामी किंवा चुनखडी घेऊन येते. परत जाताना होल्डमध्ये गोट्यांएवढ्या टॅकोनाइटच्या, म्हणजे लोहखनिजाच्या, गोळ्या असतात आणि पाण्यावर दिसणारी बाजू केवढीतरी कमी झालेली असते.

आपले वाचक मुलांकडे अमेरिकेला जातात तेव्हा नायगारा, न्यूयॉर्क, फार तर शिकागो करून येतात, कारण पुरवण्यांमध्ये तेच छापून येतं. अपघाताच्या स्मृतिदिनाला जेवढी जागा दिलीत, त्याच्या निम्मी हंगाम सुरू होताना या चालत्या बोटींना द्यावी, एवढी विनंती आहे. सू लॉक्स, म्हणजे सुपीरिअरमधून खालच्या सरोवरांत बोटी उतरवणारे जलपाश, १५ जानेवारीला बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. म्हणजे लेख मार्चमध्ये यायला हवा.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कालव्याच्या उत्तर बाजूला सागरी म्युझियम आहे, तिथे बोटींच्या वेळा कळतात. त्या वेळा सहज पुढेमागे होतात, तेव्हा जेवण उरकून जावं. जुनी बोट लांबूनच ओळखता येते. तिची सुकाणूची केबिन अगदी पुढच्या टोकाला असते, धुराडं आणि इंजिन मागच्या टोकाला, मधे सपाट डेक. सत्तरच्या दशकानंतरच्या जवळजवळ सगळ्या बोटींत केबिन मागेच आहे.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये.)