पत्ता आहे, माणसे नाहीत

ग्लासगोच्या जुन्या छायाचित्रांवरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. टॉमस ॲनन यांनी गरिबांच्या कळवळ्यापोटी ही छायाचित्रे टिपली, हे विधान मात्र पटले नाही. १८६६च्या कायद्याने स्थापन झालेल्या शहर सुधार न्यासाने, जुन्या गल्ल्या पाडण्यापूर्वी नोंद राहावी म्हणून हे काम त्यांना सोपवले होते. १८६८ ते १८७१ दरम्यान ते झाले. छायाचित्रांत डोक्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात, ओलसर फरशी दिसते. पोरे हलल्यामुळे त्यांचे चेहरे तेवढे पुसट. खाली मथळा काय, तर ‘क्लोज (म्हणजे बोळ) नं. ११८, हाय स्ट्रीट’! राहणाऱ्यांचे नाव कुठेच नाही. ही छायाचित्रे कोणी आणि कशासाठी काढवून घेतली, हे लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, पुणे