पवनची डिंगी

ता. पवनी, जि. भंडारा
डिसेंबर

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझा फोन आला, मी उचलला नाही, नंतर केलाही नाही. रागावला असशील. रागाव. तब्येत बरी, साखर जिथल्या तिथे, तुझ्या वहिनीचे गुडघे तेच. धान चुरून झालं, भाव विचारू नको.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. आपला पवन ज्या शिडाच्या बोटीवर कामाला आहे, तिची डिंगी चोरीला गेली.

हे इथं सांगू कोणाला? धाकट्याला सांगितलं तर म्हणे, "बोटच गेली त पोरगा वापस कसा येईन?" मोठी बोट नांगरावर जशीच्या तशी आहे, किनाऱ्यावर जायची तिची छोटी रबरी होडी गेली, हे समजावता समजावता चहाचं पाणी झालं. सरपंच म्हणाले, गोसीखुर्दच्या पाण्यात ढिवरांचे डोंगे रात्रभर खुंट्याला असतात, कोणी हात लावत नाही. खरं आहे. त्या डोंग्याच्या मागं पंधरा हॉर्सपॉवरचं यामाहा इंजिन नसते ना बाप्पा.

झालं असं. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाच्या दक्षिण अंगाला खाडीत नांगर टाकून उभे होते. मालक-मालकीण किनाऱ्यावर जेवायला गेले, उशिरा आले. पवन म्हणाला, डिंगी वर उचलून घेतो. मालक म्हणाला, राहू दे, सकाळी लवकर जायचंच आहे, बांध मागं. सकाळी मागं दोराचा हातभर तुकडा. पोरानं त्या टोकाचा फोटो पाठवला, मी तो मोठा करकरून पाहिला. तीन पेडांचा नायलॉन, तिन्ही पेड एकाच जागी कापलेले, एक धागा लोंबत नाही. धार चांगली होती आणि हात सरावलेला. रात्री कोणाला आवाज नाही. इंजिन सुरूच केलं नसेल, वल्हवत नेली असेल खाडीच्या तोंडापर्यंत.

डिंगी चोरांना नकोच असते म्हणे, इंजिन पाहिजे असते. ती टू-स्ट्रोक छत्तीसेक किलोची, एक माणूस उचलतो, कोणत्याही कोळ्याच्या होडीला बसते, खोलून दुरुस्त करता येते. आपल्याकडं मोटरपंपाचं जसं तसंच हे. आठवते ना, मंडईच्या जत्रेच्या रात्री सारं गाव नाटकाला, कुत्तरमारेची हिरोईन तिसऱ्या अंकात रडून राहिली, आणि तिकडं नाल्यावरून तीन पंप आणि केबल साफ. चोराला नाटकाचं वेळापत्रक आपल्यापेक्षा पाठ. तिथंही तेच. किनाऱ्याच्या धक्क्याला डिंगी बांधलेली दिसली की मोठ्या बोटीवर कोणी नाही हे कळते. वरून शहाणे लोक डिंगीवर मोठ्या बोटीचं नाव रंगवून ठेवतात. म्हणजे चोराला पत्ताच दिला, जा बाबा, घर रिकामं आहे. पवननं ते नाव खरवडून काढायचं कधीपासून म्हटलं होतं. मालकीणबाईला अक्षर फार आवडायचं.

तिकडच्या शिडवाल्यांत म्हणच आहे, रात्री उचलली नाही तर सकाळी गेली समज. हॅलयार्ड म्हणजे शीड चढवायचा दोर, तो लावायचा, विंचच्या चरखीनं डिंगी इंजिनसकट कठड्याच्या उंचीपर्यंत लटकवायची, वरून साखळी आणि कुलूप. दोर काही कामाचा नाही. बारीक तारही नाही, कटरनं दोन मिनिटांत जाते. साखळी पाहिजे, आणि ती डिंगीतून, इंजिनातून आणि पेट्रोलच्या टाकीतून ओवलेली पाहिजे. इंजिन डिंगीला आवळायच्या क्लॅम्पच्या दोन मुठींवर वेगळं कुलूप येते. काही लोक नव्याकोऱ्या इंजिनाला घाणेरडा रंग फासतात, टोपीवरचं नाव झाकतात. हे मला सगळ्यात पटलं. चोराला शेजारच्या बोटीचं इंजिन जास्त आवडलं पाहिजे, एवढंच तर काम आहे. शेजाऱ्याचं पाप आपल्याला लागते की नाही ते तुझ्या बावनथडे मास्तरला विचारजो.

इंजिनाचा नंबर लिहून ठेवला होता का विचारलं. पवननं ठेवला होता, फोटोसकट. त्या नंबरावरच पोलिसात रिपोर्ट झाली. आता विमावाले विचारून राहिले, कुलूप होतं का? तुटल्याची खूण दाखवा. कुलूप पेटीत होतं, बाप्पा. पैसे मिळायचे नाहीत बहुतेक. पण सुध्या, डिंगी माझ्या पोराची नाही, इंजिन माझं नाही, विमाही माझा नाही. मला झोप का येत नाही ते आता सांगतो.

नवी डिंगी आली, जाड साखळी आली, हे बरं झालं. पण मालकानं पवनला रात्री कॉकपिटमध्ये, म्हणजे वर उघड्यावर सुकाणूपाशी, झोपायला लावलं. आणि कुठूनसा एक हातभर कोयता आणून त्याच्या उशाशी ठेवला. पोरगा मला फोनवर काय म्हणाला माहीत आहे? "बाबा, आता येऊ द्या त्यांना. सुधाकाकांनी चितगावला काय केलं होतं ते आठवते ना तुम्हाले."

आठवते ना मला. तूच सांगितलं त्याला, माझ्याच ओसरीवर, माझ्याच ताटात जेवून. आपण जहाजावर होतो तेव्हाचं, बांगलादेशातलं चितगाव, बंदराबाहेर नांगर टाकलेला, पहाटेची पाळी, मागच्या डेकवरून दोर सरकत चाललेला पाहून तू एकटा धावला, स्पॅनर हाणला, चोर पाण्यात. खांद्यावरचा तो वळ दाखवायला शर्ट काढला तू. पोरगं अकरावीत होतं, डोळे हे एवढे. तेव्हा मी बोललो नाही, कारण वहिनी बसल्या होत्या.

बाकीचं तू त्याला सांगितलंच नाही. खाली आणखी चार जण होडीत होते हे नाही सांगितलं. ज्याच्या कोयत्यानं तुझा खांदा फाडला तो दुसराच होता, तुला दिसलाही नव्हता. मी तुला कॉलर धरून मागं ओढलं, तर तू मला सगळ्या मेसमध्ये भेकड म्हटलं आणि कोलंबोपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आणि तो दोर, सुध्या? डेकवरच्या खलाशांचा मुकादम, डिक्रूझ बोसन, त्यानं आदल्याच दिवशी बाद ठरवला होता. पुढच्या बंदरात टाकूनच द्यायचा होता. कंपनीच्या भंगारासाठी तू सात टाके घेतले. हे मी तुला तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो, आणि तू आजही वाद घालशील.

पीटर ब्लेकची गोष्ट तुला सांगायला नको. डिसेंबर 2001, ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या तोंडाशी मकापा. आपण तिकडंच ब्राझीलच्या सांतोस बंदरात होतो, एजंट सांगत आला होता. शिडाच्या बोटींची ती मोठी शर्यत, अमेरिकाज कप, दोनदा जिंकलेला माणूस, 1995 ला आणि 2000 ला, साऱ्या जगाचं पाणी पालथं घातलेला. रात्री बोटीवर बंदुकी घेऊन चोर चढले. हा खाली गेला, रायफल घेऊन आला, एकाच्या हातावर गोळीही घातली. आणि मारला गेला. चोरांनी नेलं काय, तर पंधरा हॉर्सपॉवरचं एक इंजिन आणि खलाशांची घड्याळं. तेव्हा तूच म्हणाला होता, "काहून गेला बे वर?" हा प्रश्न तू पवनसमोर कधी विचारला नाही.

तुझ्या वहिनीला मी अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, बोटीवर बाभळीचे काटे टाका. मी हसलो, पण हे करून झालेलं आहे. जोशुआ स्लोकम शिडाच्या बोटीनं एकटा जग फिरला, 1896 मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री डेकवर गालिच्याचे बारीक टोकदार खिळे पसरून खाली झोपायचा. लोक अनवाणी चढले, खिळे टोचले, बोंबलत पाण्यात उड्या. त्या माणसानं बरोबर केलं. काटे वर, स्वतः खाली, दार लावलेलं. आताचे चोर बूट घालून येत असतील आणि डेकवर अनवाणी फिरणारा आपलाच पोरगा, ते वेगळं.

मी त्याला म्हटलं, खाली झोप. शिडीच्या तोंडाला जाळी लाव, आतून कडी घाल. आतूनच उघडता येईल अशी घाल, आग लागली तर बाहेरून कोणी येत नाही. वर हालचालीनं पेटणारा दिवा लाव. आवाज आला तर भोंगा वाजव, सगळे दिवे लाव, व्हीएचएफ रेडिओवर शेजारच्या बोटींना हाक मार. त्या खाडीत वीसेक बोटी उभ्या असतात. पण वर जाऊ नको. डिंगी नेऊ दे, इंजिन नेऊ दे, तुझा मोबाईल वर राहिला असेल तर तोही नेऊ दे. सगळं ऐकून म्हणाला, "हाव बाबा." तो कसा हाव म्हणतो तुला माहीत आहे. लहानपणी हाव म्हणून तलावावरच जायचा.

लहानपणापासून मीच याच्या कानी कपाळी ओरडलो, जागा राहा, पाळीवर झोपशील तर जहाजावर जागा नाही. आता माझ्याच तोंडून झोप, झोप हे त्याला नवल वाटते. माझं म्हणजे म्हाताऱ्याची भीती. तुझं त्याला पटेल. म्हणून हे पत्र. तू फोन कर. चितगावचं सगळं सांग, कॉलरसकट, बाद दोरासकट. टाके पडल्यावर केबिनमध्ये तू आईच्या नावानं काय करून राहिला होता तेही सांग. मी कोणाला सांगितलं नाही आजवर, तू सांग.

आपले संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा त्याचे सकाळचे साडेआठ. त्या वेळी मालक-मालकीण पोहायला उतरतात, तेव्हाच कर. कोयत्याचं पहिल्यांदा विचारू नको, हुशार होते पोरगं. आधी इंजिनाचं विचार.

रूपालीचं जमलं हे ऐकून आनंद झाला, तारीख कळवजो, आम्ही दोघं येऊ, गुडघे साथ देतील तर. नव्या फ्लॅटला लिफ्ट आहे का? मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलू नको.

एचएमटीचा कट्टा धाकट्याच्या पोराबरोबर पाठवून राहिलो, जुनाच तांदूळ आहे, वहिनींना सांगजो. फोन झाला की मला मिस्ड कॉल दे, मी करतो.

तुझा,
मोरू