क्लेमॅटिसचे बियाणे मागवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील बागकामाच्या पानावर गेल्या महिन्यात जांभळ्या फुलांनी झाकून गेलेल्या एका इंग्रजी घराचे छायाचित्र आले होते, आणि ही क्लेमॅटिसची वेल आता पुण्या-मुंबईच्या गॅलरीतही सहज लावता येते, बियाणे घरपोच मिळते, असे त्याखाली लिहिलेले होते. इंग्लंडमधील सरे परगण्यात मी गेली २२ वर्षे ही वेल वाढवत आले आहे, आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने ती वाढवण्याचा तीनदा प्रयत्न करून पाहिला आहे. या दोन्ही अनुभवांवरून सांगायचे ते एवढेच की क्लेमॅटिसचा वसंत हा थंडीच्या पोटी जन्मतो; ती थंडी जिथे नाही तिथे पाकिटावरच्या चित्राला भुलून पैसे घालवू नयेत.

बहिणीने पहिल्यांदा मागवलेल्या पाकिटात ५० बिया होत्या आणि ‘सात रंगांची’ हमी होती. बागेत लावले जाणारे मोठ्या फुलांचे क्लेमॅटिस बहुतेक सगळे संकरित असतात. त्यांचे बी पेरले तर येणारे रोप आईच्या वळणावर जात नाही, आणि मुळात ते बी रुजायलाच कित्येक महिने, काही जातींत वर्षाहूनही अधिक काळ लागतो. म्हणूनच इथल्या रोपवाटिका काडी लावून किंवा दाब कलम करून रोपे तयार करतात आणि जातीच्या नावाची चिठ्ठी लावूनच ती विकतात. बहिणीच्या कुंडीत मात्र आठव्याच दिवशी तरारून कोंब वर आले. दोन महिन्यांनी फुले धरली तेव्हा ती गारवेल असल्याचे शेजारच्या आजींनी पाहताक्षणी सांगितले. पुढची दोन रोपे खरीखुरी क्लेमॅटिसची होती, थंड प्रदेशातील रोपवाटिकेतून मागवलेली. दोन्ही रोपे होळीपर्यंत हिरवी राहिली, मग खालच्या पानापासून करपत गेली आणि वळवाच्या पावसाआधीच संपली. बहिणीच्या हातात दोष नाही. तिच्या गॅलरीतला मोगरा पाहिलेल्या कोणालाही ते पटेल.

आपल्याकडे चैत्र म्हणजे कैऱ्या, वाळ्याचे पडदे आणि दुपारची झोप. इथे गुढी उभारताना गवतावर कित्येकदा दहिवर गोठलेले असते. क्लेमॅटिसच्या काड्या त्या वेळी जुन्या सुतळीसारख्या दिसतात, आणि पाहुणा हमखास विचारतो की ही वाळलेली वेल अजून काढून का टाकली नाही. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर दोन डोळे फुगलेले असतात. पानझडी क्लेमॅटिस हिवाळाभर विसावतात आणि ही विश्रांती मिळाल्यावरच वसंतात उसळून वर येतात. पुण्यात त्यांना ना विश्रांती मिळते, ना मुळाशी गारवा. उन्हाळ्यात गॅलरीतल्या कुंडीची माती रात्रीही तापलेलीच असते.

एकदा सुरुवात झाली की मात्र इथला क्रम पाहत राहावा असा असतो. सर्वांत आधी, मार्चच्या सुमारास, आर्मांडी ही क्लेमॅटिसची जात फुलते. तिची पाने लांबट, चामड्यासारखी, हिवाळ्यातही न गळणारी, आणि पांढऱ्या फुलांना बदामाचा मंद वास असतो. एप्रिलमध्ये आल्पिना येते. हिची निळी फुले घंटेसारखी खाली मान घालून लोंबतात, त्यामुळे ती बसून पाहावी लागतात. मे महिन्यात माँटानाची पाळी येते, आणि तिच्यापुढे बाकी सगळ्यांना गप्प बसावे लागते. आठ-दहा मीटर सहज चढणारी ही वेल तीन आठवडे अशी फुलते की पान दिसत नाही. तिच्या पुष्कळ जातींना संध्याकाळी व्हॅनिलाचा वास येतो. माझ्या माँटानाने कुंपण, मग शेडचे छप्पर आणि अखेर शेजाऱ्यांचे सफरचंदाचे झाड गाठले आहे. त्याबद्दल मी दरवर्षी त्यांना गुळपोळ्या देते आणि प्रकरण मिटते. तिच्यामागोमाग मेच्या अखेरीस मोठ्या, बशीएवढ्या फुलांच्या जाती उमलू लागतात. आपण ज्यांना पाकळ्या म्हणून दाद देतो त्या खरे तर पाकळ्या नव्हेतच. ती फुलाची रंगीत निदले आहेत, म्हणजे एरवी कळीला झाकणारा हिरवा भाग असतो तो.

ही माँटाना इंग्रजी बागेची राणी म्हणून मिरवत असली तरी तिचे माहेर हिमालय आहे. फ्रान्सिस बुकानन हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८०२-०३ मध्ये नेपाळात गेला होता, त्याचे नाव तिच्या शास्त्रीय नावाला आजही जोडलेले आहे. ती इंग्लंडमध्ये पोहोचली १८३१ मध्ये, लेडी सारा अ‍ॅमहर्स्ट यांच्यामुळे. या बाई गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नी. भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशीचे झाड ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे नाव परके वाटू नये, कारण मूळच्या ब्रह्मदेशातल्या त्या देखण्या झाडाचे ‘अ‍ॅमहर्स्टिया’ हे नाव याच घराण्यावरून पडले आहे. माँटानाचा गुलाबी प्रकार मागाहून, १९०० मध्ये, वनस्पती गोळा करत हिंडणाऱ्या अर्नेस्ट विल्सन यांनी चीनमधून आणला. आणि ज्या गडद जांभळ्या जॅकमनी जातीचे छायाचित्र आपल्या पुरवणीत होते असे मला वाटते, ती माझ्या घरापासून काही मैलांवरच्या वोकिंग गावी जन्मली: जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ मध्ये चीनहून आलेल्या मोठ्या फुलांच्या जातीचा युरोपातल्या व्हिटिसेला या जातीशी संकर केला गेला आणि १८६२ मध्ये त्या रोपांना फुले आली. आता एक बारीकशी हरकत. जॅकमनी जुलैच्या सुमारास बहरते, तेव्हा ते छायाचित्र ‘वसंताचा बहर’ या मथळ्याखाली यायला नको होते.

ही हरकत निव्वळ किरकिर नव्हे, कारण वेल कधी फुलते यावरच तिची छाटणी कधी करायची हे ठरते, आणि इथे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी नेमकी इथेच चुकतात. मीही चुकले होते. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीच्या एका कोरड्या रविवारी, मी हौसेने कात्री घेऊन सगळ्याच वेली गुडघ्यापर्यंत कापल्या. जॅकमनीने आभार मानले. माँटानाने त्या मे महिन्यात एकही फूल दिले नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तयार झालेल्या काडीवरच्या डोळ्यांत घड धरलेला असतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये ती काडी कुठे कापायची हे तो डोळे मोजून ठरवतो. माँटाना, आल्पिना, आर्मांडी या गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या जुन्या काडीवर फुलतात. त्यांच्या कळ्या हिवाळ्यात काडीतच निजलेल्या असतात, म्हणून त्यांना कात्री लावायची ती फुले सरल्यावर, जूनच्या सुमारास, आणि तीही पसारा आवरण्यापुरती. जॅकमनी आणि व्हिटिसेला त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलतात. त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटरवर, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या वर निर्धास्त कापावे. मेअखेरीस फुलणाऱ्या मोठ्या जाती या दोहोंच्या मधल्या आहेत. त्यांच्या मेलेल्या आणि लुकड्या काड्या तेवढ्या काढाव्यात. क्लेमॅटिस हे नावही ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ द्राक्षवेलीची काडी असाच आहे.

लागवडीबद्दल थोडे. क्लेमॅटिसचे पाय सावलीत आणि डोके उन्हात असावे असे इथले जुने माळी सांगतात, आणि ते खरे आहे. भिंतीला अगदी चिकटून लावू नये, कारण भिंतीच्या बुडाशी पावसाचे पाणी पोहोचत नाही. हातभर अंतर सोडून खड्डा घ्यावा आणि रोप भिंतीकडे तिरपे टेकवावे. मोठ्या फुलांची जात असेल तर कुंडीत होती त्यापेक्षा पाच-सात सेंटीमीटर खोल लावावी. हे विचित्र वाटते, पण त्यामागे कारण आहे. या जातींना मर रोग होतो. कळ्यांनी लगडलेली वेल मे महिन्यात एका रात्रीत मान टाकते आणि काडी काळी पडते. बुरशी काडीत शिरलेली असते. खोडाचे काही डोळे मातीखाली असले तर तिथून पुन्हा फुटवे येतात. माझी ‘नेली मोझर’ ही १८९७ सालची जुनी फ्रेंच जात अशीच कोसळली होती. रडकुंडीला येऊन मी ती उपटणार होते, पण पलीकडच्या वयस्क शेजारीणबाईंनी हात धरला. काळ्या काड्या कापून टाकल्या, वाट पाहिली, आणि पुढच्या वर्षी तीन नवे फुटवे आले. तिच्या फिकट गुलाबी फुलांवरचे गडद पट्टे भर उन्हात विटतात, म्हणून ती उत्तरेकडे तोंड असलेल्या, सावलीच्या कुंपणावरच शोभते. उन्हाच्या भिंतीसाठी तडफडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या वेलीला तणावे नसतात आणि भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. ती पानांच्या देठांनी आधाराला वेढा घालते. देठ केवढेसे असणार? पेन्सिलीहून जाड काठी त्यांना पेलत नाही, म्हणून जाड लाकडी मांडव घालणाऱ्यांची वेल पायथ्याशीच गुंता होऊन बसते. तार किंवा बारीक जाळी लावली की प्रश्न सुटतो. वसंतातले कोवळे कोंब गोगलगायी एका रात्रीत फस्त करतात. मी रात्री बॅटरी घेऊन त्यांना वेचते. छाटताना हातमोजे घालावेत, रसाने कातडीला चरचरते. युरोपातल्या रानात वाढणाऱ्या व्हिटाल्बा क्लेमॅटिसला फ्रेंच भाषेत भिकाऱ्यांची वनस्पती म्हणत, कारण तिचा रस अंगाला चोळून भिकारी फोड उठवून घेत आणि लोकांची दया मिळवत.

आता पुण्यातल्या वाचकाने काय करावे? त्याने पावसाळा संपता संपता सिंहगडाच्या वाटेने किंवा कासच्या पठाराकडे जावे आणि कुंपणांवर, करवंदीच्या जाळ्यांवर पसरलेली पांढऱ्या फुलांची वेल नीट पाहावी. ती रानजाई. जाई तिच्या नावातच आहे, पण नाते जाईशी नाही. ती सह्याद्रीतली क्लेमॅटिसच आहे. हिला आणि हिच्या भाईबंदांना मोरवेलही म्हणतात. थंडीत तिच्या प्रत्येक फळाला पिसासारखी रुपेरी शेपटी फुटते, आणि नावातला मोर मला तरी त्या पिसांतच दिसतो. ज्या कुलात बचनाग आणि कलौंजी येतात, त्या सबंध कुलालाच मराठीत मोरवेल कुल असे म्हटले गेले आहे. म्हणजे आपल्या भाषेने या घराण्याचे यजमानपद कधीच आपल्या डोंगरातल्या वेलीला देऊन टाकले आहे, आणि आपण मात्र बियाण्यांची पाकिटे परदेशी चित्रे पाहून मागवतो.

रानजाईची फुले माझ्या नेली मोझरसारखी बशीएवढी नाहीत, रंगही एकच. पण आपला उन्हाळा सोसायची तिला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कुंपणेच्या कुंपणे ती पांढरी करून टाकते. आपल्या पुरवणीने बागकामाच्या पानावर या वेलीला जागा द्यावी, आणि देशी झाडे तयार करणाऱ्या रोपवाटिकांनी ती विक्रीस ठेवावी, अशी माझी विनंती आहे. रानातून मुळासकट उपटून आणण्याचा सल्ला मात्र कोणी देऊ नये. त्या उपटलेल्या वेली जगत नाहीत आणि डोंगरावरची जागा रिकामी होते ती वेगळीच.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सुरू आहे. जॅकमनी काल छाटून झाली, माँटानाला यंदाही हात लावलेला नाही. बहिणीची कुंडी मात्र गेल्या मेपासून रिकामी आहे. आपल्या वाचकांपैकी कोणी रानजाई बियांपासून वाढवून कुंडीत किंवा अंगणात जगवली असेल, तर बी कोणत्या महिन्यात गोळा केले, रुजायला किती दिवस लागले आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी किती दिले, हे त्यांनी याच सदरातून कळवावे. मी ते कात्रण तिला वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक वाचक
सरे, इंग्लंड